औषधातून पसरलेला एड्स

हिमोफिलियाच्या रुग्णाच्या शरीरात रक्त गोठवणारा एक घटक पुरेसा तयार होत नाही. साधा मुका मार लागला तरी गुडघ्यात किंवा कोपरात रक्तस्राव होतो आणि तो वारंवार झाला की सांधा कायमचा आखडू शकतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘फॅक्टर आठ’ या घटकाचे भुकटीरूप औषध आले आणि वरचेवर रुग्णालयात पडून असणारी मुले घरीच इंजेक्शन घेऊन शाळेत जाऊ लागली. आईवडिलांना हा चमत्कारच वाटला.

औषधाच्या एकेका घाण्यासाठी मात्र हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र केला जाई. अमेरिकन कंपन्या तो पैसे मोजून विकत घेत, तुरुंगातल्या कैद्यांकडूनसुद्धा, आणि तयार माल युरोप-जपानला पाठवत. त्यात एकाच बाधिताचा प्लाझ्मा आला, तरी त्या घाण्यातले औषध घेणाऱ्या सगळ्यांनाच धोका होता.

एड्सची पहिली नोंद ५ जून १९८१ ची. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुण समलिंगी पुरुषांना दुर्मीळ न्यूमोनिया झाला होता. हा ‘त्यांचा’ रोग, असा समज पसरला आणि त्याने फार नुकसान केले, कारण जुलै १९८२ मध्येच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तीन हिमोफिलिया रुग्णांना तोच न्यूमोनिया झाल्याचे जाहीर केले होते. मे १९८३ मध्ये ब्रिटनमधील साथरोगतज्ज्ञ स्पेन्स गॅलब्रेथ यांनी अमेरिकन रक्तापासून बनलेली ही औषधे मागे घ्यावीत, असे आरोग्य खात्याला लेखी कळवले. ते ऐकले गेले नाही. औषध थांबवले तर रुग्ण रक्तस्रावाने दगावतील, ही डॉक्टरांची भीती खरी होती. पण रुग्णांना धोका सांगून निवड त्यांच्यावर सोपवता आली असती.

१९८४ च्या अखेरीस उष्णतेने एड्सचा विषाणू मरतो हे स्पष्ट झाले आणि मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत रक्तातला हा विषाणू ओळखणारी चाचणी मंजूर झाली. त्यापुढचा विलंब अक्षम्य आहे. फ्रान्समध्ये न तापवलेल्या औषधाचा खर्च सरकारी विम्यातून ऑक्टोबर १९८५ पर्यंत मिळत राहिला. तिथल्या रक्तसंक्रमण केंद्राचे संचालक मिशेल गारेता यांना १९९२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. जपानने तापवलेल्या औषधाला परवानगी दिली ती जुलै १९८५ मध्ये, अमेरिकेच्या दोन वर्षांनंतर. जुना साठा त्यानंतरही वापरात राहिला. आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी १९९६ मध्ये पीडितांची जाहीर माफी मागितली.

ब्रिटनमध्ये रक्तस्रावाच्या विकाराचे सुमारे १,२५० रुग्ण एड्सच्या विषाणूने बाधित झाले, त्यांत सुमारे ३८० मुले होती. न्यायमूर्ती ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. ही आपत्ती बऱ्याच अंशी टाळता आली असती, असे त्यात नोंदवले आहे. तोवर त्या बाधितांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मरण पावले होते.