वज्रेश्वरी-अकलोलीची गरम पाण्याची कुंडं : चिमाजी अप्पांच्या नवसापासून आजच्या लॉजपर्यंत

भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठावर वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावं अगदी जवळजवळ आहेत. तिन्ही ठिकाणी जमिनीतून उकळतं वाटावं असं पाणी बाहेर येतं. देवीने मारलेल्या राक्षसांच्या रक्तामुळे हे पाणी तापलं, असं जुनी माणसं सांगतात. भूगर्भाचा हिशेब वेगळा आहे. पावसाचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खूप खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. पालघरपासून रत्नागिरीपर्यंत कोकणात असे झरे ओळीने सापडतात. पालीजवळचं उन्हेरे, दापोलीतलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे ही नावंच ‘ऊन पाणी’ सांगतात.

वज्रेश्वरीचं आजचं देऊळ पेशवाईतलं. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेता यावा म्हणून चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, 1739 मध्ये किल्ला पडला आणि मग देऊळ बांधलं गेलं, अशी परंपरा आहे. किल्ल्यासारखा तट आणि दगडी पायऱ्या पाहिल्या की ती पटतेही. गणेशपुरीला मात्र गर्दी वाढली ती नित्यानंद स्वामींमुळे. 1961 साली त्यांनी तिथेच देह ठेवला. भीमेश्वर मंदिराजवळच्या कुंडांत अंघोळ करून समाधीला जायचं, हा भाविकांचा ठरलेला क्रम.

अकलोलीची काही कुंडं नदीपात्रालगत आहेत. पावसाळ्यात तानसा भरली की ती पाण्याखाली जातात, त्यामुळे थंडीचे दिवस बरे. अंबाडी नाक्यावरून रस्ता आहे, वसईहूनही येता येतं. मुक्कामाला लॉज आणि रिसॉर्ट आहेत, पण खरी मजा उघड्या कुंडातच.

पाण्याला गंधकाचा वास येतो. सांधे मोकळे होतात, खरूज-नायटा जातो म्हणून लोक लांबून येतात. शेकाने अंग सैल होतं हे खरं. त्वचारोगावर औषध म्हणून मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरवसा ठेवू नये. काही कुंडांतलं पाणी 50 अंशांच्या आसपास असतं, त्याने अंग भाजू शकतं, म्हणून त्यात उतरू नये; बाकी कुंडांतही थेट उडी नको. आधी पाय सोडायचे, मग हळूहळू उतरायचं, आणि पाच-दहा मिनिटांत बाहेर. बीपी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर टाळलेलंच बरं. लहान पोरांना काठावर बसवून तांब्याने अंघोळ घालावी. साबण-शाम्पू कुंडात नेऊ नये. तेच पाणी मागच्या माणसालाही वापरायचं असतं.