भयकथेंतील वातावरण

महाडजवळ सव नांवाचें गांव आहे. तेथें ऊन पाण्याचे झरे आहेत. थंडीच्या पहांटे अशा पाण्यावर वाफ तरंगूं लागली, म्हणजे पलीकडचें माणूस असून नसल्यासारखें भासतें. भुताची गोष्ट लिहूं इच्छिणाऱ्यास याहून आयती सामग्री कोणती हवी, असें कोणीही म्हणेल. आमचें मत निराळें आहे. वाफेनें डोळ्यांपुढें पडदा येतो. मनांत भय उपजण्यास दुसरेंच कांहीं लागतें.

कोंकणांतील लोकसमजुतींची माहिती ए. एम. टी. जॅक्सन या मुलकी अधिकाऱ्यानें शाळामास्तरांकडून मिळविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिक येथें त्याचा वध झाला, पुढें आर. ई. एन्थोवेन यांनीं कोंकणाविषयींचीं तीं टिपणें १९१५ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत मुंजा, हडळ, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, सर्वांची नोंद आहे. परंतु दिवा मालवण्याच्या वेळीं वाचूनही त्या यादीची भीति वाटत नाहीं. भूत कोण, हें यादी सांगते. तें कोणापुढें उभें राहिलें, हें सांगत नाहीं.

वेताळपंचविशींत स्मशान आहे, खांद्यावर प्रेत आहे, मौनाची अटही आहे. तरीही दोनतीन कथांनंतर आपलें लक्ष कोड्याकडे लागतें व स्मशानाचा विसर पडतो. याउलट रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण' ही १८९५ ची कथा पाहावी. तिचा नायक कापसावरील महसूल वसूल करणारा कामगार आहे. दिवसां तो हिशेब करतो; म्हणूनच त्याची रात्र आपणांस खरी वाटूं लागते. आणि उलगडा होण्यापूर्वींच आगगाडी येते व गोष्ट अर्धी राहते. एम. आर. जेम्स यानेंही १९०४ च्या संग्रहांत जुन्या पोथ्या चाळणारे शांत विद्वान् निवडले. आमच्याकडे नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं तें भय नित्याच्या मध्यमवर्गीय घरांत आणून सोडलें. आधीं विश्वास, मग विलंब, शेवटीं अपुरेपणा, असा हा क्रम आहे.

तथापि एवढ्यानें भागत नाहीं. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नापूर्वीं गेलेला मुलगा. बाळंतपणांत गेलेली स्त्री हडळ होते, अशी समजूत आहे. म्हणजे ज्यांचें आयुष्य अर्ध्यावर तुटलें, त्यांनाच गांवानें भुतांचीं नांवें दिलीं. त्या मरणाचा विसर पाडून केवळ पिंपळ, घुबड आणि अमावास्या मांडणारा लेखक वाचकास दचकवील, पण बेचैन करूं शकणार नाहीं.

सवच्या झऱ्यावर कोणास कथा रचावयाची असेल, तर त्यानें वाफेचें वर्णन दोन ओळींत आटोपावें. मग त्या पाण्यावर रोज येणारें एक माणूस दाखवावें, आणि एके दिवशीं तें कां आलें नाहीं, हें सांगण्यास किंचित् उशीर करावा.