गिरणगावची शर्यत आणि खानदेशची सडक

सायकलींच्या ज्या एकदिवसीय शर्यतींस आज जगात अग्रमान मिळतो, त्यांपैकी पॅरिस-रूबे ही शर्यत कोणा राजाच्या लहरीतून वा सरकारी फर्मानातून जन्मलेली नाही. फ्रान्सच्या उत्तर सीमेनजीक रूबे या गिरण्यांच्या नगरीत थिओडोर व्हिएन आणि मॉरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी १८९५ साली सायकलींचे क्रीडांगण बांधले, आणि त्याची कीर्ती व्हावी म्हणून पुढच्याच वर्षी राजधानीपासून आपल्या गावापर्यंत सुमारे २८० किलोमीटरांची शर्यत योजिली. १९ एप्रिल १८९६ रोजी योझेफ फिशर हा जर्मन स्वार सव्वानऊ तासांत रूबेस पोहोचून पहिला विजेता ठरला.

या शर्यतीचे खरे सत्त्व वाटेवरील घडीव दगडांच्या जुन्या फरसबंदीत आहे. दगडांमधील फटीत चाक रुतू नये म्हणून स्वार कडेची हातभर मातीची पट्टी धरू पाहतो. कोरड्या दिवशी धुळीने डोळे भरतात, पावसात तोच दगड तेल ओतल्यासारखा निसरडा होतो. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त केलेला तो मुलूख १९१९ साली पाहिलेल्यांनी त्यास ‘उत्तरेचा नरक’ म्हटले, आणि ते नाव पुढे शर्यतीसच चिकटले. कालांतराने हे दगड डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा शर्यतीच्या चाहत्यांनी मंडळ स्थापून त्यांची निगा आरंभिली. १९७७ पासून तर विजेत्यास अशाच दगडाचे स्मृतिचिन्ह दिले जाते. ज्या गावाने आपल्या रस्त्याचा मान राखला, त्याचे नाव त्या रस्त्याने जगभर पोहोचविले.

आपल्या खानदेशाकडे पाहावे, तर सडक आणि गिरण्या ही सामग्री येथे पूर्वीपासून सिद्ध आहे. १८१८ साली पेशवाईचा अस्त होऊन हा प्रांत इंग्रजी अंमलाखाली आला, तेव्हा पहिले कलेक्टर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यास सदरठाणे केले. लळिंगच्या किल्ल्याखालून येणारी मुंबई-आग्रा सडक या शहरातून शिरपूरकडे जाऊन तापी ओलांडते. १९०६ साली जिल्ह्याचे विभाजन होऊन धुळे पश्चिम खानदेशाचे आणि जळगाव पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले. काळ्या जमिनीतील कपाशीने येथेही गिरण्या उभ्या केल्या; अमळनेरास प्रतापशेठजींनी गिरणीच्या संपत्तीतून विद्यालये आणि तत्त्वज्ञान मंदिर उभारून उद्योगपतीचे लोकऋण कसे फेडावे, याचा वस्तुपाठ घालून दिला.

महाराष्ट्रास सायकलींची शर्यत अपरिचितही नाही. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो, आणि त्या किताबाचे अप्रूप अंतिम विजयाहून उणे नसते. खानदेशास घाटाचे वैभव नसले, तरी वैशाखातील उन्हाची कीर्ती आणि कपाशीच्या रानातून जाणारे लांबच लांब रस्ते आहेत. पॅरिस-रूबेच्या वाटेवर तरी डोंगर कोठे आहे?

म्हणून दोन्ही जिल्ह्यांतील उद्योजकांस, नगरपालिकांस आणि महाविद्यालयांस माझी विनंती आहे, की महामार्गाची वर्दळ टाळून धुळ्याहून अमळनेर, धरणगावमार्गे जळगावास जाणारा रस्ता हिवाळ्यातील एका रविवारी योग्य बंदोबस्तासह सायकलस्वारांस मोकळा करून द्यावा. एक क्रीडांगण सोडले, तर रूबेच्या दोन गिरणीमालकांपाशी आरंभी याहून अधिक काही नव्हते.