बुलेट-येझदीवाल्यांचा गोतावळा

मोटारसायकलस्वारांनी ठरल्या दिवशी, ठरल्या ठिकाणी दूरदुरून गाडी चालवत येऊन जमण्याची प्रथा सुमारे शंभर वर्षांची आहे. अशा मेळाव्यांना रॅली म्हणतात. तिथे शर्यती होतात, गाड्या न्याहाळल्या जातात, रात्री तंबूंबाहेर गप्पा रंगतात. यांतल्या कित्येक मेळाव्यांच्या मुळाशी एखाद्या विशिष्ट गाडीवरचा जीव असतो. हार्ले, बुलेट, जावा, येझदी या गाड्यांच्या मालकांचे तर स्वतंत्र गोतावळेच तयार झाले. ही निष्ठा जाहिरातीतून आली असावी, असे वरवर पाहता वाटते. इतिहास वेगळे सांगतो. ज्या गाड्यांना मालकाची सतत देखभाल लागे आणि ज्यांच्या कंपन्या डबघाईला आल्या किंवा बंद पडल्या, त्यांच्याभोवतीच सर्वांत घट्ट बिरादरी जमली. कंपन्या या मेळाव्यांत यजमान म्हणून उतरल्या त्या बऱ्याच नंतर.

अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळापासून ‘जिप्सी टूर’ या नावाने सामूहिक सफरी निघू लागल्या. साउथ डकोटा राज्यातील स्टर्जिस या छोट्या गावचा मेळावा याच परंपरेतला. क्लॅरेन्स ‘पॅपी’ होएल आणि त्याच्या जॅकपाइन जिप्सीज या क्लबने १९३८ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू केला. पहिल्या वर्षी जेमतेम नऊ स्पर्धक मातीच्या मैदानावर शर्यतीला उतरले होते. जेमतेम सात हजार वस्तीच्या याच गावात आता दर ऑगस्टमध्ये लाखो स्वार जमतात. स्टर्जिस म्हटले की आज हार्ले डोळ्यांसमोर येते. होएल मात्र तिच्या प्रतिस्पर्धी ‘इंडियन’ कंपनीच्या गाड्या विकत असे. इंडियनची सुरुवात १९०१ मध्ये स्प्रिंगफील्डला झाली आणि हार्ले-डेव्हिडसनची १९०३ मध्ये मिलवॉकीला. दोन्हींच्या मालकांतली चुरस पन्नास वर्षे चालली. १९५३ मध्ये इंडियनचे उत्पादन थांबले. तरी जुन्या इंडियन जपणाऱ्यांनी आपली गाडी आणि आपला गट सोडला नाही.

हार्लेवरही तशीच वेळ आली होती. १९६९ मध्ये ती एएमएफ या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. उत्पादन वाढले, पण दर्जा ढासळला. तेल गळणारी इंजिने हा चेष्टेचा विषय झाला. त्याच सुमारास जपानी गाड्या स्वस्तात आणि बिनतक्रार धावत होत्या. १९८१ मध्ये कंपनीतल्याच तेरा अधिकाऱ्यांनी हार्ले परत विकत घेतली. १९८३ मध्ये अमेरिकी सरकारने ७०० सीसीवरील आयात मोटारसायकलींवरचा कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला. त्याच वर्षी कंपनीने ‘हार्ले ओनर्स ग्रुप’ ही मालकांची संघटना स्थापन केली. प्रत्येक विक्रेत्याशी जोडलेली शाखा, शाखेच्या नियमित सफरी, वर्षाचा मोठा मेळावा अशी तिची घडी होती. पडत्या काळातही ज्यांनी गाडी सोडली नाही, ते मालक हीच कंपनीची खरी पुंजी होती. ती ओळखून तिला संघटनेचे रूप देण्याचे काम हार्लेने केले. पुढे जगभरच्या कंपन्यांनी हाच कित्ता गिरवला.

जर्मनीतला ‘एलिफंटेनट्रेफेन’, म्हणजे हत्तींचा मेळावा, हे याहून निखळ उदाहरण. झुंडाप कंपनीची केएस ६०१ ही साइडकार ओढणारी दणकट गाडी ‘हिरवा हत्ती’ म्हणून ओळखली जाई. मोटारसायकलींवर लिहिणारे पत्रकार अर्न्स्ट लेव्हरकुस यांनी १९५६ च्या हिवाळ्यात या गाडीच्या मालकांना श्टुटगार्टजवळ एकत्र बोलावले. ऐन थंडीत, बर्फातून गाडी हाकत येणे हीच तिथली पात्रता. पुढे इतर गाड्यांचे स्वारही येऊ लागले, जागा बदलत गेल्या आणि १९८९ पासून मेळावा बव्हेरियाच्या जंगलात भरू लागला. झुंडापचे दिवाळे १९८४ मध्ये निघाले. हत्तींचा मेळावा अजून भरतो.

भारतात या प्रथेची पाळेमुळे दोन गाड्यांपाशी जातात. पहिली बुलेट. रॉयल एनफिल्ड ही इंग्लंडमधील रेडिच इथली कंपनी. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरच्या गस्तीसाठी भारतीय लष्कराला भक्कम मोटारसायकल हवी होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने ३५० सीसीच्या ८०० बुलेटची मागणी नोंदवली. १९५५ मध्ये रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर इथे कारखाना उभा राहिला. आधी इंग्लंडहून आलेले भाग फक्त जोडले जात. हळूहळू सगळी गाडी इथेच तयार होऊ लागली. १९७० पर्यंत इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासचा कारखाना जुन्याच आराखड्यावर बुलेट काढत राहिला. फौजी, पोलीस, बागायतदार आणि गावातली वजनदार मंडळी हे तिचे गिऱ्हाईक.

ही गाडी चालवणे ही शिकण्याची गोष्ट होती. ब्रेक डाव्या पायाशी आणि गिअर उजव्या पायाशी, म्हणजे इतर गाड्यांच्या उलट. सुरू करतानाही रीत पाळावी लागे. अँमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन योग्य जागी न्यायचा आणि मगच किक मारायची. घाई केली तर किक उलटी येऊन पायावर बसे. पॉइंट, टॅपेट, क्लच, चेन यांकडे सतत लक्ष द्यावे लागे आणि इंजिनाखाली तेलाचा डाग नेहमीचाच. त्यामुळे प्रत्येक बुलेटवाल्याचा एक विश्वासू मिस्त्री असे आणि गाडी काढण्यापूर्वी पान्यांची पिशवी तपासली जाई. अशा गाडीच्या दोन मालकांची भेट झाली की ओळख वाढवायला दुसरा विषय लागत नसे.

दुसरी गाडी जावा. फ्रांटिशेक यानेचेक याने १९२९ मध्ये प्रागला ही कंपनी काढली. वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग त्याने विकत घेतला होता; यानेचेक आणि वांडरर यांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार झाले. भारतात तिचा परवाना रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या ‘आयडियल जावा’ कंपनीने मिळवला. म्हैसूरच्या कारखान्याचे उद्‌घाटन १९६१ मध्ये तिथले राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते झाले. १९७३ पासून गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आले आणि १९७८ मध्ये ‘रोडकिंग’ बाजारात उतरली. एकच सिलिंडर, पण दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर; दोन स्ट्रोकचे इंजिन, पेट्रोलमध्ये मोजून घालायचे ऑइल आणि डाव्या बाजूचा तो प्रसिद्ध दांडा, जो आत दाबून मागे फिरवला की किक आणि खाली पाडला की गिअर. परक्या माणसाला ही गाडी सुरूच करता येत नसे आणि येझदीवाल्यांना त्याचे कौतुक वाटे.

१९८० च्या दशकाच्या मध्याला बाजार पालटला. १९८४ ते १९८६ या काळात सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या जपानी कंपन्यांच्या भागीदारीतील १०० सीसीच्या गाड्या भारतात आल्या. त्या हलक्या होत्या, एका किकमध्ये सुरू होत आणि त्यांतली हिरो होंडा तर थेंबभर पेट्रोलवर दूर नेई. नोकरदार माणसाला हवे होते ते सारे त्यांच्यात होते. पेट्रोल पिणारी येझदी मागे पडली आणि १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. एनफिल्ड इंडियाही अडचणीत होती. आयशर समूहाने १९९० मध्ये तिच्यात हिस्सा घेतला आणि १९९४ मध्ये ती पूर्ण ताब्यात घेतली. तरीही २००० च्या सुमारास महिन्याला दोन हजारांच्या आसपासच गाड्या खपत होत्या. कंपनी विकून टाकावी की चालू ठेवावी, हा प्रश्न आयशरपुढे होता. सिद्धार्थ लाल या तरुण वारसाने ती चालू ठेवण्याची जबाबदारी घेतली.

मंदीच्या याच वर्षांत भारतातले क्लब आकाराला आले. नव्या येझदीचा मार्गच बंद झाल्यावर जुनी जपणे एवढेच हातात उरले. तिचा पिस्टन, क्रँक, कार्ब्युरेटर, टाकीवरची चिन्हे मिळवायची तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार किंवा दिल्लीचा करोल बाग पालथा घालावा लागे. कुणाकडे जादा भाग असेल तर तो कुणाला द्यायचा, कोणता मिस्त्री खरा जाणकार, कोणत्या गावात धूळ खात पडलेली गाडी विकाऊ आहे, ही माहिती माणसांकडूनच मिळे. म्हणून रविवारी सकाळी चहाच्या टपरीवर गाठीभेटी होऊ लागल्या. त्यांतून सफरी ठरल्या आणि सफरींतून क्लब झाले. बंगळूर, म्हैसूर, पुणे, मुंबई, हैदराबाद, कोची अशा शहरांत जावा-येझदीवाल्यांचे गट आहेत. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी ते ‘आंतरराष्ट्रीय जावा-येझदी दिन’ साजरा करतात. महाराष्ट्रात तो दिवस भर पावसात येतो, पण दुरुस्त करून चकचकीत केलेल्या गाड्या त्या दिवशी बाहेर काढल्याच जातात.

बुलेटवाल्यांचे क्लबही याच सुमारास शहरोशहरी उभे राहिले. वेगवेगळ्या गावच्या या क्लबांनी वर्षातून एकदा एकत्र जमावे, या कल्पनेतून ‘रायडर मेनिया’ हे संमेलन आले. पुढे कंपनीने त्याच नावाने गोव्यात मोठा मेळावा भरवायला सुरुवात केली. सर्वांत सावकाश गाडी चालवण्याची शर्यत हे तिथले खास आकर्षण. जड बुलेट पाय न टेकता मुंगीच्या गतीने नेणे हे वेगापेक्षा कठीण कौशल्य मानले जाते. २००४ पासून कंपनीने ‘हिमालयन ओडिसी’ ही दिल्लीहून लेह आणि खारदुंग ला गाठणारी सफरही सुरू केली. २०२३ मध्ये गोव्यातल्या मेळाव्याचे नाव ‘मोटोव्हर्स’ झाले. तो वागातोरला भरतो. वागातोरच्याच पठारावर २०१३ मध्ये ‘इंडिया बाइक वीक’ सुरू झाला. त्यात कोणत्याही कंपनीच्या गाडीला मज्जाव नसतो. समुद्रकिनारा, हिवाळ्यातली कोरडी हवा, राहण्याच्या सोयी आणि मुंबई, पुणे, बंगळूरहून घाट उतरून एका दिवसात गाठता येण्याजोगे अंतर, यांमुळे गोवा भारतीय रॅलींचे ठाणे बनले.

मेळाव्यांतले वागणे रस्त्यावरच्या शिस्तीतून घडले आहे. गटाच्या पुढे वाट माहीत असलेला अनुभवी स्वार असतो आणि सर्वांत मागे दुसरा जाणता. मागच्याकडे हत्यारे आणि औषधपेटी असते. त्याच्या मागे कुणी राहायचे नाही, हा नियम. नवशिक्यांना पुढच्या स्वाराच्या मागे ठेवतात, म्हणजे गटाचा वेग त्यांना झेपेल एवढाच राहतो. गाड्या एका रेषेत न ठेवता एक डावीकडे, एक उजवीकडे अशा चालवतात, म्हणजे ब्रेक मारायला जागा मिळते. खड्डा दिसला की पुढचा स्वार पाय काढून दाखवतो आणि ती खूण एकेकाकडून शेवटपर्यंत जाते. एकाची गाडी बंद पडली तर सगळा गट थांबतो. अनोळखी स्वार रस्त्याकडेला उभा दिसला तर थांबून विचारपूस करणे हा अलिखित कायदा आहे आणि समोरून येणाऱ्याला हात करणे हा रिवाज. आपण अडलो तर कुणीतरी थांबेल, या भरवशावरच माणूस जुनी गाडी घेऊन लडाखला जाण्याचे धाडस करतो. क्लबचे बिल्ले आणि शिवून घेतलेली जाकिटे याच भरवशाची दर्शनी खूण आहेत.

या निष्ठेला भांडणाचीही बाजू आहे. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाचे बुलेटवाले आणि २००९ नंतरच्या नव्या इंजिनाच्या ‘क्लासिक’चे मालक यांच्यात खरी बुलेट कोणती यावर वाद झडले. गिअर डाव्या पायाशी आले तेव्हाही जुन्यांनी नाके मुरडली. बुलेटवाले येझदीच्या धुरावर बोलत, येझदीवाले बुलेटच्या तेलगळतीवर. घाटात एखादी गाडी बंद पडली की मात्र हे वाद बाजूला पडत आणि जो आधी पोहोचे तो पाना काढे. कोणत्याही एका कंपनीला न बांधलेले गटही वाढले. २०११ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘बायकर्नी’ ही स्त्री-स्वारांची संघटना त्यांपैकी महत्त्वाची. बुलेट म्हणजे मर्दानी गाडी, ही जुनी समजूत मोडून काढण्यात अशा गटांचा मोठा वाटा आहे.

क्लबांनी जिवंत ठेवलेल्या नावांची बाजारातली किंमत पुढे उद्योजकांच्याही ध्यानात आली. महिंद्र समूहाच्या ‘क्लासिक लेजंड्स’ कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबईत नवी जावा सादर केली आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदी परत आणली. या कंपनीच्या संस्थापकांत रुस्तम इराणी यांचे चिरंजीव बोमन इराणी आहेत. इतकी वर्षे कारखाना बंद असताना ही नावे लोकांच्या तोंडी राहिली, त्याचे श्रेय जुन्या गाड्या धावत्या ठेवणाऱ्या मालकांना आणि मिस्त्रींना जाते. रॉयल एनफिल्डने २०२४-२५ या आर्थिक वर्षात दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या. आजच्या बुलेटला ना अँमीटर लागतो ना डिकॉम्प्रेशनचा खटका. ती बटणावर सुरू होते आणि क्वचितच बंद पडते. रॅलीचा खर्च कंपन्या आणि प्रायोजक उचलतात, प्रवेशाला तिकीट असते, गाण्याचे कार्यक्रम होतात. शहरांतले छोटे क्लब मात्र आजही वर्गणी काढून चालतात, जुन्या गाड्यांचे भाग एकमेकांना पुरवतात आणि नव्या स्वाराला गटात चालवण्याची शिस्त शिकवतात. मोठ्या मेळाव्यांना माणसे आणि रीतभात दोन्ही पुरवणारे खरे केंद्र हेच क्लब आहेत.