हजेरी

मंडळी, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हजेरीपट काही आमचा पिच्छा सोडत नाही. त्याचं असं झालं, नात सुट्टीत पुलगावला आली होती. तिने मोबाइलवर इंग्रजी गाणी लावली. सुरुवातीलाच शाळेची घंटा, आणि गुरुजी एकेक नाव पुकारताहेत! मी कान टवकारले. मुलं ओ देतात. "लॉरिन हिल" हे नाव मात्र गुरुजी पुन्हा पुन्हा पुकारतात आणि उत्तर येत नाही.

ही लॉरिन अमेरिकेतल्या न्यू जर्सीची. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' हा तिचा अल्बम ऑगस्ट १९९८ मध्ये आला, तेव्हा ती २३ वर्षांची होती. नावाचं मूळ कार्टर वुडसन यांच्या १९३३ सालच्या पुस्तकात आहे. शाळाच काळ्या मुलांना स्वतःला कमी लेखायला शिकवते, हे त्यांचं म्हणणं. हजेरी घेणारे रास बराका खरोखरच शिक्षक. २०१४ साली ते न्यूअर्कचे महापौर झाले.

"आजोबा, रॅप म्हणजे तालावर बोलणं," नातीने समजावलं. मला तुकडोजी महाराजांची खंजिरी आठवली. ठेका धरायचा आणि त्यावर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हे आम्हा वऱ्हाडकरांना नवीन नाही. लॉरिन रॅप करते आणि गातेही. सोल, जमैकाचं रेगे, चर्चमधलं संगीत, सगळं एकाच ताटात. मूल होणार म्हटल्यावर लोकांनी तिला करिअरचा विचार कर म्हणून सांगितलं. तिने त्या मुलावरच गाणं केलं.

१९९९ च्या ग्रॅमीत तिला १० नामांकनं आणि ५ पुरस्कार मिळाले. वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरलेला हा पहिलाच हिप-हॉप अल्बम. सोबतच्या वादकांनी श्रेयावरून खटला भरला, तो २००१ मध्ये तडजोडीने मिटला, हेही सांगायला हवं. पण एकाच गळ्याने गाणं आणि रॅप दोन्ही करणं पुढे पॉपमध्ये रुळलं. २०१८ साली ड्रेक आणि कार्डी बी या दोघांनीही आपापल्या गाण्यांत तिच्याच 'एक्स-फॅक्टर'चा आधार घेतला.

हे सगळं ऐकताना मला मात्र १९८३ चा माझा आठवीचा वर्ग दिसत होता. एक मुलगी बाकावर आर्वीच्या छोट्या गाडीचा ठेका धरायची आणि त्यावर कवितेच्या ओळी म्हणायची. वर्ग हसायचा. मी तिला बाहेर उभं केलं, एकदा नव्हे, अनेकदा. दिवाळीनंतर ती आलीच नाही. काही दिवस नाव पुकारलं, मग पटावर लाल रेघ ओढली. घरची काही अडचण असेलही. पण तिचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं आणि मी विचारायला गेलो नाही.

लॉरिनचे गुरुजी निदान तीनदा तरी हाक मारतात.

असो. नातीला म्हटलं, सुरुवात पुन्हा एकदा लाव.