मॅक्लारेन आणि तिचा म्हातारा लॅपटॉप

२०१६ साली गाड्यांच्या वेडाने झपाटलेल्या लोकांत एक बातमी फिरली. मॅक्लारेन एफ-वन, म्हणजे जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एक, सर्व्हिसिंगला आली की कंपनीचे लोक तिला नव्वदच्या दशकातला कॉम्पॅक लॅपटॉप जोडतात. मॉडेल एलटीई ५२८०, सॉफ्टवेअर डॉसच्या जमान्यातलं. गाडीशी बोलायला लागणारं खास कार्ड त्याच लॅपटॉपमध्ये चालतं, म्हणून हा खटाटोप. कॉम्पॅक कंपनी २००२ मध्येच एचपीत विलीन झाली होती. ते लॅपटॉप मिळेनासे झाले होते, आणि मिळाले तरी भरवशाचे नव्हते. आजच्या लॅपटॉपवर चालेल अशी सोय करतोय, असं मॅक्लारेनने तेव्हा सांगितलं.

लोक हसले. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे मला काही हसू आलं नाही. ‘हे मशीन बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला एखादा डेस्कटॉप कित्येक ऑफिसांच्या कोपऱ्यात धूळ खात असतो, आणि अख्खा धंदा त्याच्यावर चालत असतो.

जुनी सुपरकार सांभाळावी की तेवढ्या पैशात नवी गाडी घ्यावी, हा श्रीमंतांचा आवडता वाद. (आपल्याला काय, आपण हॅचबॅकचा ईएमआय मोजतोय.) जुन्या गाडीच्या विरोधातला मुद्दा बहुतेक वेळा पट्ट्यापासून सुरू होतो. १९९४ ची फेरारी एफ३५५ घ्या. इंजिनाचा टायमिंग बेल्ट ठरावीक वर्षांनी बदलावा लागतो, गाडी चाललेली असो वा नसो. तो बदलायला अख्खं इंजिन बाहेर काढायचं. रबराचा एक पट्टा आणि हजारो डॉलरचं बिल! फेरारीच्या मालकांनी हे दुखणं हौसेची किंमत म्हणून मुकाट स्वीकारलं होतं.

त्या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला होंडाने. १९९० मध्ये आलेली एनएसएक्स ॲल्युमिनियमच्या बॉडीची, मधोमध व्ही-६ इंजिन असलेली. आयर्टन सेनाने विकासाच्या काळात ती सुझुकाच्या ट्रॅकवर चालवली आणि सांगाडा आणखी ताठ करा असं सुचवलं. पण मला तिचं खरं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिचा बेल्ट इंजिन जागेवर ठेवून बदलता येतो. रोज ऑफिसला न्यावी अशी सुपरकार! पुढे होंडाने जपानमध्ये जुन्या एनएसएक्स परत घेऊन नव्यासारख्या करून द्यायची योजनाही चालवली.

गॉर्डन मरे तेव्हा मॅक्लारेनसाठी एफ-वन आखत होते. एनएसएक्स चालवल्यावर त्यांनी आपला मापदंडच बदलला. पुढे स्वतः ती कित्येक वर्षं वापरली. होंडाकडे त्यांनी इंजिन मागितलं, पण होंडाने नकार दिला. मग बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी ६.१ लिटरचं, ६२७ अश्वशक्तीचं व्ही-१२ बनवून दिलं. १९९२ मध्ये मोनॅकोत गाडी लोकांसमोर आली. ड्रायव्हर मधोमध, दोन्ही बाजूंना मागे एकेक सीट, इंजिनाच्या खणाला उष्णता परतवायला सोन्याचा पत्रा. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. सगळ्या प्रकारच्या मिळून एकूण १०६ बनल्या.

आणि या यांत्रिक गाडीत एक मोडेम होता. गाडी बिघडली की फोनच्या लाइनवरून कारखान्यातल्या माणसाने तिची तब्येत तपासायची. १९९२ मध्ये! तेव्हा आपल्याकडे नव्या लँडलाइनसाठी वर्षानुवर्षं वाट बघत होते लोक.

आता गंमत बघा. रोवन ॲटकिन्सनने (होय, मिस्टर बीन) २०११ मध्ये आपली एफ-वन झाडावर घातली. दुरुस्तीसाठी विमा कंपनीने सुमारे ९ लाख १० हजार पौंड मोजले, अशा बातम्या आल्या. कारागिरांनी गाडी पुन्हा उभी केली आणि २०१५ मध्ये ती विकलीही गेली. म्हणजे मोडलेलं कार्बन फायबर जुळवता येतं, व्ही-१२ खोलून पुन्हा बांधता येतं. हात आणि पैसा असला की झालं. अडलं कुठे, तर लॅपटॉपच्या कार्डापाशी. गाडीची सेवा ज्या भागाच्या जोरावर सर्वांत आधुनिक ठरली होती, तोच भाग सर्वांत आधी म्हातारा झाला.

म्हणून ‘जुनी गाडी कटकटीची, नवी निर्धास्त’ हे गणित मला अर्धवट वाटतं. नवी गाडी पहिली काही वर्षं निर्धास्त असते, सुरक्षित तर निश्चितच असते, यात वाद नाही. पण ती म्हातारी कशी होते? टेस्लाच्या २०१८ पर्यंतच्या काही मॉडेल एस आणि मॉडेल एक्समध्ये ८ जीबीची फ्लॅश चिप होती. फ्लॅशवर मोजक्या वेळाच लिहिता-पुसता येतं, हे आपल्या क्षेत्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडी चालत राहिली, चिपवर नोंदी लिहिल्या जात राहिल्या आणि काही वर्षांत चिप झिजली. स्क्रीन काळा, मागचा कॅमेरा बंद, काचेवरचं धुकं घालवायची सोयही गेली. २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०२२ मध्ये तिथे थ्री-जी बंद झालं, तेव्हा अनेक कंपन्यांच्या गाड्यांमधली जोडणीवर चालणारी फीचर्स एका रात्रीत मुकी झाली. गाडी धडधाकट, टॉवर गेला. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम सीटसाठी दरमहा शुल्क ठेवून पाहिलं. सीटखालची तार विकत घेतलेली, पण ती तापवायची परवानगी भाड्याने! बोंबाबोंब झाली आणि कंपनीने ते मागे घेतलं.

फेरारीचा पट्टा तुटण्याआधी बदलता येतो, आणि तो पट्टा कुणीही कुशल मेकॅनिक हातात घेऊन बघू शकतो. कंपनीच्या सर्व्हरवरची सही लागणारं सॉफ्टवेअर असं हातात येत नाही. तीस वर्षांनी आजची गाडी चालवायची, तर तो सर्व्हर कोण चालू ठेवणार?

जुन्या बाजूचाही एक विनोद सांगायलाच हवा. २०२१ मध्ये पेबल बीचच्या लिलावात एक एफ-वन २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला गेली. १९९५ ची गाडी, आणि तोवर चालली होती फक्त २४३ मैल. म्हणजे पुणे-मुंबई जाऊन-येऊन वर लोणावळ्याची एक फेरी. एवढ्या पैशांची वस्तू झाली, की मालक तिच्यात बसायलाही घाबरतो.

मरेंनी २०२० मध्ये टी.५० नावाची नवी गाडी दाखवली. पुन्हा मधली सीट, पुन्हा व्ही-१२, पुन्हा पायात क्लच. फक्त १०० गाड्या, किंमत कर सोडून २३ लाख ६० हजार पौंड. ड्रायव्हरच्या समोर, बरोबर मधोमध, त्यांनी इंजिनाचे फेरे दाखवणारी एक मोठी तबकडी बसवली आहे. तिच्यात खराखुरा काटा फिरतो.