किती काळ आणि कधीपासून



आमची सोनारी काळभैरवनाथाची. पण इथल्या पोरांची परीक्षा पाहिली ती इंग्रजीच्या काळांनी! 'मी दहा वर्षांपासून सोनारीत राहतो' याचे इंग्रजी करायला सांगितले की वर्गातून हमखास उत्तर येई, 'आय अॅम लिव्हिंग इन सोनारी सिन्स टेन इयर्स.' हवे असते 'आय हॅव बीन लिव्हिंग' आणि शेवटी 'फॉर टेन इयर्स'.

यात पोरांचे डोके कमी, असे मला कधीच वाटले नाही. मराठीत एकच 'पासून' दोन्ही कामे करते: सोमवारपासून आणि दहा दिवसांपासून. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर सिन्स, लांबी सांगायची तर फॉर. 1948 पर्यंत आमचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कचेरीची भाषा उर्दू. त्या उर्दूतही दोन्हीकडे एकच 'से'. म्हणजे आमच्या वडीलधाऱ्यांनाही हा भेद तिथे भेटला नव्हता. जर्मन भाषेतही दोन्हीला एकच शब्द आणि सोबत आपल्यासारखाच साधा वर्तमानकाळ. वेगळी वाट इंग्रजीची आहे.

आणि ही वाट काही पहिल्यापासून मळलेली नव्हती. 1600 च्या सुमारास शेक्सपिअरचा पोलोनियस हॅम्लेटला 'काय वाचताय' असे विचारतो ते साध्या वर्तमानकाळात. आजचा इंग्रज तिथे चालू काळच वापरील. 'घर बांधले जात आहे' याला अठराव्या शतकात 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' त्या शतकाच्या अखेरीस दिसू लागले, आणि एकोणिसाव्या शतकातही काही पंडित त्याला नाके मुरडत होते.

त्याच एकोणिसाव्या शतकात, 1836 साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यावर लिंडले मरे यांच्या 1795 च्या इंग्रजी व्याकरणाची छाप होती. गंमत पाहा, ज्या इंग्रजीकडे पाहून आपण मराठीचे काळ मांडू लागलो, तिच्या चालू काळाचे घर अजून बांधलेच जात होते!

मराठीजवळ स्वतःचे काही नव्हते असे मात्र नाही. 'आजोबा पहाटे उठत असत' यात सवय आली. 'तो बोलत राहिला' यात न थांबणे आले. आणि 'मी हे करत आलो आहे' यात तर कालपासून आजपर्यंतची सगळी चाल आली. 'हॅव बीन डूइंग' शिकवताना मी आधी फळ्यावर हे 'करत आलो' लिहीत असे. मग पोरांना वाट सापडे.

इंग्रजीचे एक मात्र मानावे लागते. ती फार नेमके विचारते: ते अजून चालू आहे की संपले? ही गेल्यावर परदेशातल्या नातवाला मी इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. 'तिने पंचेचाळीस वर्षे हे घर सांभाळले.' मराठीत हे वाक्य ती असतानाही असेच लिहिता आले असते. इंग्रजीत ती असती तर 'हॅज' आला असता. आता तो लिहिता येत नव्हता. एवढासा शब्द, पण लेखणी बराच वेळ तिथेच थांबली.

असो. तुम्ही मुलानातवंडांना हे काळ कसे शिकवता, ते जरूर कळवा.